एक्क्याऐंशी ठोकळे

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पहिल्या पाळीचा भोंगा वाजला आणि लगोलग टूलरूममधून हाक ऐकू आली. लोक धावत गेले तेव्हा ज्योतीराम मिस्त्री उघड्या कपाटापुढे मटकन बसलेले होते. मधल्या खणातली सागवानी पेटी जागेवर नव्हती.

पेटीत काय होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर एवढा गहजब कशासाठी ते कुणाला कळायचं नाही. पेटीत एक्क्याऐंशी पोलादी ठोकळे होते. एखादा बिस्किटाएवढा, एखादा पत्त्याच्या पानासारखा पातळ. इंजिनाचे जे जे भाग त्या कारखान्यात बनायचे, ते शेवटी या ठोकळ्यांशी ताडून पाहायचे, कारण केसाच्या शंभराव्या हिश्शाचीही चूक त्यांच्यात नव्हती. उघड्या बोटांनी त्यांना शिवायचंही नाही, कातड्याच्या मऊ रुमालानं धरायचं, असा नियम. ते परदेशातून आले सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात, आणि पाठोपाठ सरकारनं आयातीचे परवाने आखडले. दुसरी पंचवार्षिक योजना धडाक्यानं चाललेली, आणि परकीय चलन संपत आलेलं. तेव्हा दुसरी पेटी मागवायची सोय नव्हती. दिवाळीनंतर सरकारी तपासणीत शंभर नमुने पास करून घ्यायचे होते, आणि ठोकळ्यांवाचून एकही नमुना पास होणार नव्हता.

दुपारी फौजदार अर्जुनराव आले. संध्याकाळपर्यंत त्यांनी काळेवाडीच्या वस्तीतून वजीर शेखला उचलून चौकीत बसवलं. वजीर टूलरूममध्ये मिस्त्रींच्या हाताखाली होता, पण कारण तेवढंच नव्हतं. वजीर शर्तीवर सुटलेला कैदी होता. सात वर्षांपूर्वी चाकणच्या बाजारात, कांद्याच्या ट्रकवरून झालेल्या भांडणात, त्यानं गेनू नावाच्या तरुणाच्या डोक्यात चाकं खोलायची लोखंडी टॉमी घातली आणि गेनू जागीच मेला. दहा वर्षांची सजा झाली. साडेपाच भोगली, आणि कारखान्यांना कसबी हात हवेत म्हणून चांगल्या वागणुकीच्या कैद्यांना मोकळं करण्याचं जे धोरण आलं, त्यात तो सुटला. राहिलेली साडेचार वर्षं मात्र माफ झालेली नव्हती, टांगून ठेवलेली होती. शर्त मोडली की सरकारनं सूट मागे घ्यायची, आणि माणूस पुन्हा येरवड्याच्या फाटकाआड. त्यासाठी नवा खटला नको, पुरावा नको, मुंबईची एक सही पुरे.

फौजदारांनी त्या सहीसाठी कागद तयार केला आणि रीतीप्रमाणे तो पुण्याला इंदुताईंच्या टेबलावर आला. सुटलेल्या कैद्यांवर देखरेख ठेवण्याचं काम त्यांचं. बुधवारी दुपारपर्यंत अभिप्राय द्यावा, असं वर लाल शाईत लिहिलेलं होतं. वजीरला सोडावं अशी शिफारसही दीड वर्षापूर्वी याच बाईंनी केली होती.

सोमवारी सकाळी त्यांनी पिंपरीची गाडी धरली.

२

इंदुताई चाळिशीच्या, उंच, बोलायला फटकळ. कैदी त्यांना घाबरत आणि कैद्यांच्या बायका त्यांना आपली दुखणी सांगत. माणसानं गुन्हा केला तर केला, पण तोंडानं खरं बोलावं, एवढाच त्यांचा हट्ट असे.

"बाई, तुमचं मन मोठं, पण इथं सरळ मामला आहे," अर्जुनराव खुर्ची पुढे सरकवत म्हणाले. माणूस वाईट नव्हता, नुसता घाईतला होता. "बुधवारी खंडेनवमी. दुपारी कारखान्यात हत्यारांची पूजा झाली, तीन वाजता सुटी. गुरुवारी दसरा, कारखाना बंद. शुक्रवारी पेटी गायब. म्हणजे बुधवारी सुटताना गेली. प्रसादाच्या पिशव्या घेऊन सगळे निघाले, त्या गडबडीत कपाट उघडं राहिलं असणार, यानं काढली."

"आणि विकली कुठं?"

"दसऱ्याला हा दिवसभर घरी नव्हता. पहाटे गेला, दिवेलागणीला परत. कुठं होतास विचारलं तर तोंड उघडत नाही. शिवाय हे बघा." त्यांनी कातड्याचा मऊ पिवळसर रुमाल टेबलावर टाकला. "ठोकळे धरायचा रुमाल. याच्या पिशवीत सापडला."

वजीर आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. पस्तिशीचा रुंद माणूस, हातांवर काळ्या तेलाच्या न निघणाऱ्या रेघा. इंदुताईंना पाहून तो उठला आणि येरवड्यातल्या सवयीनं हात शरीराला चिकटवून उभा राहिला.

"बस. रुमालाचं काय?"

"मिस्त्रीबाबांनीच दिला व्हता बाई, बुधवारी. म्हनले, धुऊन आन. सुटीत वाळंल. दर पंधरा दिसांला मीच धुतो."

"पेटी शेवटी कधी पाहिलीस?"

"बुधवारीच, जेवनाच्या सुट्टीआधी. कपाटात ठिवली, किल्ली बाबांच्या हातात दिली. मंग पूजा. बाबा आत सोवळ्यात, मी भाईर बसलो. पूजा झाली, खोबऱ्याचा तुकडा दिला, घरी गेलो."

"दसऱ्याला कुठं होतास?"

वजीरनं मान खाली घातली.

"वजीर, बुधवारी मला लिहून द्यायचंय. तू गप्प बसलास तर साडेचार वर्षं आत जाशील. कळतंय?"

"कळतंय."

"मग बोल."

"बोललो तरी जाईन, बाई," तो म्हणाला.

३

कारखान्याचे व्यवस्थापक उद्धवराव यांनी इंदुताईंना चहा दिला आणि तो संपायच्या आत आपलं मतही दिलं.

"देशाला कारखाने हवेत, मान्य. कारखान्यांना हात हवेत, तेही मान्य. पण म्हणून तुरुंगातून माणसं आणून बसवायची? मी तेव्हाच नाक मुरडलं होतं. वरून हुकूम आला, गप्प बसलो."

"ते ठोकळे बाहेर कोण घेईल?"

उद्धवराव जरा चपापले. "मागणारे आहेत. मुंबईच्या एका कारखान्यानं महिनाभर वापरायला मागितले होते. मी साफ नाही म्हटलं, हे त्यांचं पत्र. पण चोरून कुणी घेणार नाही. प्रत्येक ठोकळ्यावर पेटीचा नंबर कोरलाय. तपासणीला कुठल्याही कारखान्यानं काढले की तिथंच पकडले जातील. भंगारात द्यावेत तर सगळे मिळून दोन शेर लोखंड."

"म्हणजे चोराच्या काही उपयोगाचे नाहीत."

"कैद्याला एवढी अक्कल कुठली?" उद्धवराव म्हणाले. रोज तेच ठोकळे पुसणाऱ्या माणसाला एवढीही अक्कल नसावी, हे इंदुताईंना काही पटलं नाही.

फाटकावर धर्माजी पहारेकरी होता. पिळदार मिश्या, डोक्याला जुनं मुंडासं. कारखान्यात कुठलंही काम केलं तरी हा गडी शेतकरीच दिसला असता. त्याच्या तीन एकरांवर कारखाना उभा होता.

"ती टूलरूम हाय न्हवं, तिथं माझी पान्याची हीर व्हती," तो म्हणाला. "सरकारनं जिमीन घेतली अन् मला दांडकं दिलं. फौजदारसाब मलाबी इचारून गेलं. मी म्हनलं, चोरायचंच असतं तर आदी हीर मागारी नेली असती."

"बुधवारी सुटताना झडती घेतली होती का?"

"समद्यांची. नारळ सुदिक हलवून बघितला. फौजदारसाब मानत न्हाईत, पर बाई, पेटी हिथनं भाईर गेलेली न्हाई. दसऱ्याला दिसभर मी हिथंच व्हतो, चिटपाखरू आत आलं न्हाई. शुक्कीरवारी पयले आले ते मिस्त्री. भोंग्याआदी तासभर. देवमानूस. म्हनले, उत्तरपूजा राहिलीय, हत्यारं उचलायचीत. अन् त्या दिसापासनं तर समद्यांची पिशवी न् पिशवी उलटी करतोय आमी."

तो खोटं बोलत असेल असं इंदुताईंना वाटलं नाही. त्याचा राग उघडा होता, आणि उघड्या रागाचा माणूस पेटी लपवत बसत नाही, असा त्यांचा अनुभव.

टूलरूमकडे जाताना त्या यंत्रांच्या रांगांमधून गेल्या. पूजेला पाच दिवस झाले होते, पण झेंडूच्या माळा अजून प्रत्येक यंत्रावर सुकत होत्या. लेथवर, ड्रिलवर, हातोड्यांवर, झाडूच्या दांड्यावर, कचेरीतल्या टाइपरायटरवरसुद्धा हळदीकुंकवाची बोटं उमटलेली. टूलरूम मात्र लहान आणि नीटस. एका बाजूला कानशींची फळी, कोपऱ्यात ग्रीसचं पिंप, मधोमध चार पायांवर बसवलेली भली थोरली बिडाची पाटी. तिचा पृष्ठभाग इतका सपाट की सगळ्या मापांची सुरुवात तिच्यावरून व्हायची. कानशींवर कुंकू होतं, लोखंड आवळून धरायच्या शेगड्यावर होतं, पिंपाच्या झाकणावरही होतं. पाटी तेवढी स्वच्छ पुसलेली होती आणि तिला रॉकेलचा वास येत होता.

ज्योतीराम मिस्त्री साठीला टेकलेले. चाकणकडचे, पिढीजात लोहार. वजीरच्या वडिलांना ओळखणारे. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला कुणी जवळ उभं करत नव्हतं तेव्हा त्यांनीच त्याला आपल्या हाताखाली घेतलं होतं.

"रुमाल धुवायला तुम्ही दिलात?" इंदुताईंनी विचारलं.

म्हातारा बराच वेळ चष्मा पुसत राहिला. "आठवत नाही बाई."

"दर पंधरा दिवसांनी देता म्हणे."

"देत असेन. या खेपेचं आठवत नाही."

ज्या माणसाला एक्क्याऐंशी ठोकळ्यांची मापं तोंडपाठ होती, त्याला पाच दिवसांपूर्वीचा रुमाल आठवेना. इंदुताईंनी वहीत ते लिहून घेतलं. पण त्याचा अर्थ त्यांना अजून लागला नव्हता.

४

मंगळवारी सकाळी त्या काळेवाडीला गेल्या. वजीरची बायको नूरबी दारात तांदूळ निवडत बसली होती. ताटातल्या तांदळांत एकही खडा उरलेला नव्हता, तरी तिची बोटं फिरतच होती.

"नूरबी, तो दसऱ्याला कुठं गेला होता ते तुला माहीत आहे."

"त्यानं शपथ घातलीय."

"उद्या माझा कागद जाणार. मग शपथ घेऊन काय करशील?"

नूरबीनं ताट खाली ठेवलं. "मोशीचा पूल वलांडून गेला बाई. चाकणकडं. गेनूच्या आईकडं."

मोशीचा पूल म्हणजे हवेली तालुक्याची हद्द. पलीकडे खेड तालुका. देखरेख अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हवेलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, ही वजीरच्या सुटकेतली तिसरी शर्त, आणि ती त्यांनीच घालायला लावली होती. मयताचं गाव पलीकडे, तिथं हा गेला तर डोकी फुटतील, म्हणून.

"न विचारता गेला?"

"इचारलं व्हतं," नूरबी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच जास्त बोचलं. "श्रावणात अर्ज धाडला. दसऱ्याला सोनं द्यायला जाऊ का म्हनून. तुमचं उत्तर आलं न्हाई. लई वाट बघितली त्यानं."

अर्ज आला होता. इंदुताईंनी तो वाचलाही होता. हो म्हणायची हिंमत झाली नाही, नाही म्हणायला मन धजलं नाही, म्हणून सावकाश बघू असं म्हणून त्यांनी तो इतर कागदांखाली सारला होता. तो तिथं अजून असणार. त्यांचे कान तापले.

अकराच्या एसटीनं त्या चाकणला उतरल्या आणि दोन मैल चालून कुशाबाईच्या घरी पोचल्या. घर कसलं, एक खण, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. कुशाबाई अंगणात विळ्यानं कडबा तोडत होती. वाळलेली, ताठ, कपाळ उघडं. वजीरचं नाव काढताच विळा थांबला.

"आला व्हता," ती म्हणाली. "दिस उगवायला आला. आपट्याची पानं हातात. मी दार उघडलं न्हाई. हिथंच उन्हात उभा ऱ्हायला, दुपार कलंडस्तवर. मंग पानं उंबऱ्यावर ठिवून गेला."

"तुम्ही हे फौजदारांपुढं सांगाल का? त्याच्यावर चोरीचा आळ आहे."

"न्हाई." तिनं इंदुताईंच्या डोळ्यांत बघितलं. "माझं एकलं पोर व्हतं, बाई. खोटं बोलायची न्हाई मी. पर त्याच्यासाटी चालत बी जायची न्हाई."

आणि ती आली असती तरी काय? त्या दिवशी वजीर पेटी विकत नव्हता हे ठरलं असतं, आणि त्याच तोंडानं शर्त मोडली हेही ठरलं असतं. तो म्हणाला ते खरं होतं. बोलला तरी आत, गप्प बसला तरी आत.

कुशाबाईनं पुन्हा विळा उचलला. त्याच्या मुठीवर हळदीकुंकवाची बोटं होती, वापरून वापरून फिकी झालेली. इंदुताईंचं लक्ष तिथं खिळलं.

"हे खंडेनवमीचं का? अजून पुसलं नाही?"

"पूजेचं कुकू कुनी पुसतं व्हय?" कुशाबाई म्हणाली. "वापरून जाईल तवा जाईल. हत्यार बी दसरा झाल्याबिगर उचलत न्हाई आमी."

इंदुताई उठून उभ्या राहिल्या. परतीची एसटी तासाभरानं होती, पण त्यांना आता थांबवेना. चाकणच्या नाक्यावर कांद्याच्या ट्रकला हात करून त्या ड्रायव्हरशेजारी बसल्या.

५

चार वाजता टूलरूममध्ये पाच माणसं होती. उद्धवराव, अर्जुनराव, फाटकावरून बोलावलेला धर्माजी, ज्योतीराम मिस्त्री आणि पदरानं घाम टिपणाऱ्या इंदुताई.

"मी चोर शोधत बसले होते, तिथंच चुकले," त्या म्हणाल्या. "ठोकळे विकता येत नाहीत. मग कुणी कशाला न्यावेत? धर्माजी म्हणतो पेटी फाटकाबाहेर गेली नाही. माझा त्याच्यावर विश्वास आहे. म्हणजे पेटी आतच आहे. चोरलेली नाही, लपवलेली आहे. आणि माणूस वस्तू लपवतो ती दिसू नये म्हणून."

"दिसली तर काय होणार होतं?" अर्जुनरावांनी विचारलं.

"ते ही पाटी सांगते." इंदुताईंनी बिडाच्या पाटीवर हात ठेवला. "या कारखान्यात झाडूवरसुद्धा कुंकू आहे. ते कुणी पुसत नाही. पुसायचं नसतंच. या खोलीतही शेगड्यावर आहे, कानशींवर आहे, ग्रीसच्या पिंपावर आहे. फक्त हिच्यावर नाही. जिच्यावरून सगळं मोजतात तिचीच पूजा मिस्त्री विसरले? नाही. पूजा झाली होती. कुणीतरी नंतर रॉकेलनं घासून पुसली. पूजेला मिस्त्री दार लावून एकटेच बसले होते. वजीर बाहेर होता. दसऱ्याला आत कुणी आलं नाही. शुक्रवारी भोंग्याआधी तासभर पहिलं कोण आलं, ते धर्माजी सांगेल."

धर्माजीनं मिस्त्रींकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. सांगायची गरज उरली नव्हती.

"पेटी नवी होती," इंदुताई हळू आवाजात म्हणाल्या. "तिचा हा पहिला दसरा. नव्या हत्याराची पहिली पूजा चुकवायची नसते. दुसरी पेटी मिळणार नाही हे सगळ्यांना बजावलेलं, म्हणून ही तर सगळ्यांत मोलाची. मिस्त्रींनी ठोकळे या पाटीवर मांडले. हळदकुंकू, पाणी, फुलं वाहिली. आणि रिवाजाप्रमाणे दसरा होईपर्यंत उचलले नाहीत. ज्या पोलादाला ओलं बोट चालत नाही, ते चाळीस तास ओल्या कुंकवाखाली राहिलं."

उद्धवराव पांढरे पडले. "कुठं आहेत ते?"

"ज्याला त्यांची किंमत कळत नाही तो ते खड्ड्यात टाकील. ज्याला कळते तो लपवतानाही जपेल. गंज आणखी चढू नये म्हणून तेलातुपात ठेवील. पिंप उघडा."

अर्जुनरावांनी बाह्या वर सारून कोपरापर्यंत हात ग्रीसमध्ये घातला. पहिल्यांदा काही लागलं नाही. दुसऱ्या खेपेला त्यांचा चेहरा बदलला, आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेली सागवानी पेटी वर आली. ठोकळे ओळीनं होते तसेच होते. पण आरशासारख्या अंगांवर तांबूस काळे खड्डे पडले होते. प्रत्येकावर एकेक, बोटाच्या टोकाएवढा.

ज्योतीराम मिस्त्री स्टुलावर बसले. रडले नाहीत. "उघड्या हातानं शिवलो नाही," ते म्हणाले. "रुमाल धुवायला दिलेला, म्हणून सोवळ्याच्या लोकरी धाबळीनं धरले. फुलाच्या देठानं कुंकू लावलं. एकेक टिकली. म्हटलं, उचलले की लगेच तेल देऊ. शुक्रवारी येऊन फूल बाजूला केलं, आणि खाली गंज. तासभर घासले. जाईना. पन्नास वर्षं लोखंडाचं काम केलं मी, बाई. लोक काय म्हणतील, पूजा करून वाटोळं केलं? म्हटलं, चोरीला गेली म्हणावं. चोर सापडणार नाही, चार दिवसांनी मिटेल. वजीरला उचलतील हे डोक्यात आलं नाही."

"संध्याकाळी तर कळलं ना?" इंदुताई म्हणाल्या. "नंतर चार दिवस होते. रुमालाचं तुम्हाला आठवलं नाही."

"आठवत होतं." मिस्त्रींनी मान वर केली. "रोज ठरवायचो, आज सांगू. सकाळी भोंगा वाजला की कामाला लागायचो. तुम्ही रागवा, तुमचा हक्क आहे. पण नुसतं गप्प राहून निभत असेल, तर माणसाच्या हातून गप्प राहिलं जातं. तुमच्या हातून कधी राहिलं नाही का?"

इंदुताई खिडकीकडे वळल्या.

६

बुधवारी सकाळी चौकीत अर्जुनरावांनी चोरीचा आरोप स्वतःच्या हातानं खोडला. मग पेन तसंच धरून थांबले.

"एक रकाना राहिला बाई. दसऱ्याला कैदी कुठं होता. चोरी नाही म्हटल्यावर मला त्यात रस नाही. घरीच होता, चौकशीत घाबरला, असं लिहितो. तुम्ही खाली सही करा, मामला मिटला."

भला माणूस होता. एका ओळीनं सगळं सुरळीत होत होतं. वजीर दुपारी घरी गेला असता, इंदुताई संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला. अर्ज कागदांखाली होता तिथंच राहिला असता. त्यांनी पेन हातात घेतलंसुद्धा. मग त्यांना मिस्त्रींचा चेहरा दिसला आणि नूरबीचा शांत आवाज आठवला.

"कुशाबाई खोटं बोलणार नाही म्हणाली आहे," त्या म्हणाल्या. "उद्या कुणी तिला विचारलं तर ती सांगेल, आणि मग त्याच्यावर दोन गुन्हे लागतील. एक हद्दीचा, एक खोट्याचा. मीच लिहिते."

त्यांनी लिहिलं. वजीर शेख हा दसऱ्याच्या दिवशी परवानगीवाचून हवेली तालुक्याबाहेर, मयताच्या आईकडे गेला. परवानगीसाठी त्यानं दीड महिना आधी रीतसर अर्ज केला होता. तो अर्ज माझ्याकडे पोचला, मी वाचला आणि उत्तर न देता बाजूला ठेवला. शर्तीचा भंग माझ्या कुचराईमुळे झाला आहे. शिक्षा व्हायची तर ती मला व्हावी, कैद्याची सूट मागे घेऊ नये.

अर्जुनरावांनी दोनदा वाचलं. "बाई, ही तुमची नोकरी आहे."

"त्याची साडेचार वर्षं आहेत," इंदुताई म्हणाल्या.

मुंबईचा निकाल यायला महिना लागला. तोवर वजीर चौकीतच होता, आणि त्या महिन्यात इंदुताईंना रात्रीची झोप अशी लागली नाही. गंज खोल गेला नव्हता असे ठोकळ्यांतले तीसेक वाचले. त्यांच्यावर कसेबसे साठ नमुने पास झाले, आणि उद्धवरावांनी कैद्यांच्या धोरणाबद्दल पुन्हा तोंड उघडलं नाही. ज्योतीराम मिस्त्रींनी राजीनामा दिला. रोज दुपारी ते भाकरीचा डबा घेऊन चौकीपर्यंत येत, शिपायाच्या हाती देत आणि वजीरला न भेटता परत जात. वजीरनं डबा एकदाही परत पाठवला नाही.

कार्तिकात हुकूम आला. सूट मागे घेण्याचा प्रस्ताव रद्द. देखरेख अधिकाऱ्याला सक्त ताकीद आणि खानदेशात बदली.

वजीरला सोडायला इंदुताई स्वतः आल्या. चौकीच्या पायरीवर त्यांनी पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"वजीर, माझं चुकलं. मी इथं अजून चार दिवस आहे. चाकणला जायचा अर्ज आत्ता लिही, आत्ताच मंजूर करते. नवा माणूस आल्यावर पुन्हा वाट बघत बसू नकोस."

वजीरनं कागद घेतला. मग त्यानं तो नीट घडी घालून परत दिला.

"मागं तुमची परवानगी मिळाली न्हाई म्हनून मला लई राग आला व्हता, बाई," तो म्हणाला. "महिनाभर आत बसून इचार केला. तिथं उन्हात उभा व्हतो तवा ती आतनं बोलली न्हाई, दार उघडलं न्हाई. म्हंजी तिची परवानगी नव्हती. ती मी मागितलीच न्हाई, तसाच गेलो. आता तिनं बोलावलं तर जाईन. न्हाई बोलावलं तर न्हाई जायचा."

इंदुताईंनी कागद पिशवीत ठेवला. नूरबी रस्त्यापलीकडे उभी होती, तिच्याकडे त्यांनी हात केला. वजीर पायऱ्या उतरून तिकडे गेला आणि दोघं काळेवाडीच्या वाटेला लागली. इंदुताईंना मात्र गाडी गाठायची होती, म्हणून त्या स्टेशनकडे वळल्या. चालता चालता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.